अपंग की दिव्यांग, हा प्रश्न दुसरा

एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाह बाईंनी मला काही प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या मासिक सभांना वर्षभरापासून एक कर्णबधिर सभासद, दोन दृष्टिहीन विद्यार्थिनी आणि बौद्धिक अक्षमता असलेला एक तरुण येऊ लागला आहे. शिवाय कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ गृहस्थांचे बोलणे पक्षाघातानंतर फार अडखळू लागले आहे. या सर्वांचा उल्लेख कोणत्या शब्दाने करावा, त्यांच्याशी बोलावे कसे, ही जबाबदारी संस्थेची किती आणि घरच्यांची किंवा शासनाची किती, आणि त्या गृहस्थांना ‘उगाच त्रास नको’ म्हणून कार्यकारिणीतून मोकळे करावे का, असे चार प्रश्न याच क्रमाने आले आहेत. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून सत्तावीस वर्षे काम करताना हे प्रश्न मला अनेकदा विचारले गेले, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी शब्दाचा प्रश्न पहिला होता. तो पहिला का येतो हे समजण्यासारखे आहे. शब्द बदलायला खर्च येत नाही, आणि शब्द बदलला की आपण काहीतरी केले असे वाटते.

तरी शब्दांविषयी आधी सांगतो, कारण ते बिनमहत्त्वाचे नाहीत. ‘मूकबधिर’ हा शब्द मी वापरत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या व्यक्तीचा कंठ बहुतेक वेळा धडधाकट असतो, आणि तिच्याजवळ खुणांची संपूर्ण भाषा असेल तर तिला मूक म्हणणे ही वस्तुस्थितीचीच चूक ठरते. ‘मतिमंद’ हा शब्द आता शिवीच्या जागी जाऊन बसला आहे. त्याऐवजी ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ म्हणावे. शब्द लांबतो हे खरे, पण रोजच्या बोलण्यात त्या व्यक्तीचे नाव घ्यायचे असते, निदान सांगायचे नसते. ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५ च्या डिसेंबरपासून शासकीय व्यवहारात रुजला. अनेकांना तो आवडतो, आणि अपंगांच्या चळवळीतील अनेकांना तो खुपतो. त्यांचे म्हणणे असे की आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला जिन्याशेजारी उतार हवा आहे. मी स्वतः ‘अपंग व्यक्ती’ असे लिहितो आणि समोरचा माणूस स्वतःसाठी जो शब्द वापरतो तो त्याच्यापुरता वापरतो. आपल्या म्हणींचे काय करायचे, असेही मला विचारतात. आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते, वासरात लंगडी गाय शहाणी, आंधळा मागतो एक डोळा : या सगळ्या भाषेतून खरवडून काढता येतील असे मला वाटत नाही. मात्र बारकाईने पाहिले तर आपल्या भाषेत आंधळा कारभार असतो, सबब लंगडी असते, व्यवस्था पांगळी होते, आणि न ऐकणारे सरकार बहिरे असते. भोंगळपणा, खोटेपणा, दुबळेपणा आणि बेपर्वाई या चारही दोषांना आपण शरीरांची नावे दिली आहेत. निदान सभेच्या इतिवृत्तात आणि व्यासपीठावरून बोलताना ‘भोंगळ कारभार’ आणि ‘तकलादू सबब’ म्हणायला काहीच हरकत नसावी. जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दृश्य माध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतही हीनता सुचवणारे शब्द टाळावेत असे म्हटले आहे.

पण शब्द बदलणे आणि पद्धत बदलणे यांत केवढे अंतर आहे, हे एका जुन्या कलमावरून चांगले कळते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ११९ च्या मथळ्याचा अर्थ ‘मुके साक्षीदार’ असा होता. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, मात्र ती खुल्या न्यायालयात द्यावी, एवढीच तरतूद त्यात होती. त्या खुणा कोणाला कळणार, याची जबाबदारी कोणावरच नव्हती. २०१३ च्या दुरुस्तीने मथळा बदलून ‘तोंडी संवाद साधू न शकणारा साक्षीदार’ अशा अर्थाचा केला. एवढ्यावरच ती थांबली असती तर मी तिचा उल्लेखही केला नसता. तिने पुढे असेही घातले की अशा साक्षीदाराचा जबाब घेताना न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतलीच पाहिजे आणि त्या जबाबाचे दृश्य चित्रीकरण झाले पाहिजे. नवा शब्द आला तसे न्यायालयावर नवे काम आले. तुमच्या संस्थेने एखादा शब्द बदलला की त्यासोबत कोणाच्या अंगावर कोणते नवे काम आले, हे विचारून पाहावे. उत्तर ‘कोणाच्याही नाही’ असे असेल, तर बदल फक्त फलकावर झाला आहे.

आता बोलावे कसे, या प्रश्नाकडे येतो, आणि तिथे एक प्रसंग सांगणे भाग आहे. पक्षाघाताच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना सुरुवातीच्या काळात वाचाघात होतो. मेंदूतील भाषेची केंद्रे बहुतेक माणसांत डाव्या बाजूला असतात, आणि तिथे इजा झाली की शब्द सापडत नाहीत, एकाच्या जागी दुसरा येतो किंवा ऐकलेले वाक्य निसटते. विचारशक्ती, आठवणी, नात्यांची जाण, राग आणि विनोदबुद्धी बहुधा शाबूत असतात. असे एक निवृत्त हिशेबनीस माझ्याकडे आले होते. त्यांच्या तोंडून एकच शब्द येत असे : ‘पाणी’. घरची माणसे प्रेमळ होती. ते ‘पाणी’ म्हणाले की पेला पुढे येई. ते पेला दूर सारत, पुन्हा ‘पाणी, पाणी’ म्हणत, चिडत, आणि मुलगा मला सांगे की बाबांचा स्वभाव बदलला आहे. वाचाघातात असा एखादा शब्द तोंडात रुतून बसतो. माणसाला म्हणायचे असते एक आणि जिभेवर येतो तोच. मी कागदावर घर, माणूस, पोट, डोळे, पैसे अशी पाच साधी चित्रे काढली आणि कागद त्यांच्यासमोर ठेवून गप्प बसलो. खोलीतले इतर लोक गप्प बसेनात. प्रत्येक जण त्यांच्या वतीने एकेक चित्र सुचवत होता. शेवटी सर्वांना बाहेर थांबायला सांगितले. त्यानंतर बराच वेळ गेला, आणि त्यांनी डाव्या हाताचे बोट डोळ्यांवर ठेवले. मग स्वतःच्या नाकावर, मग कानामागे. त्यांचा चष्मा रुग्णालयातच राहून गेला होता. बारा दिवस ते धूसर जगात पडून होते आणि बारा दिवस लोक त्यांना पाणी पाजत होते.

या प्रसंगात कोणाचा दुष्टावा नव्हता, निष्काळजीपणासुद्धा नव्हता. ऐकणाऱ्यांनी एकच मार्ग, म्हणजे तोंडचा शब्द, खरा मानला होता आणि त्या मार्गाला द्यायचा वेळही स्वतःच्या बोलण्याच्या गतीने ठरवला होता. समावेशक संवादाविषयी मला जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे यातच आले. संवादाचा मार्ग आणि गती ज्याच्या हातात असते त्याच्यावर जबाबदारी असते. तुमच्या सभेत ती अध्यक्षांच्या हातात असते, बँकेच्या खिडकीत कारकुनाच्या, वर्गात शिक्षकाच्या आणि दवाखान्यात माझ्यासारख्याच्या.

कायद्याची भाषाही याच दिशेने गेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्याच्या दुसऱ्याच अनुच्छेदात ‘संवाद’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि तीत ब्रेल, स्पर्शाने होणारा संवाद, मोठ्या अक्षरांतील मजकूर, सोपी भाषा, वाचून दाखवणारा माणूस आणि बोलण्याला पूरक किंवा पर्यायी साधने हे सारे येते. ‘भाषा’ या शब्दात बोललेल्या भाषेबरोबर खुणांच्या भाषाही येतात, असे तिथे स्वतंत्रपणे म्हटले आहे. आपल्याकडचा अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यानेही हीच व्यापक व्याख्या घेतली. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने त्यातील एक बदल फार मोठा होता. १९९५ च्या आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत वाचा नव्हती. नव्या कायद्यातील एकवीस प्रकारांत वाचा आणि भाषेची अक्षमता आली, आणि तिच्या स्पष्टीकरणात वाचाघाताचा उल्लेख आहे. तुमच्या कार्यकारिणीतील ते गृहस्थ १९९५ च्या कायद्याला बोलण्यापुरते तरी दिसतच नव्हते.

कर्णबधिर सभासदाबद्दल. ‘ते ओठ वाचतात, त्यामुळे काही अडचण येत नाही’ असे वाक्य मी नेहमी ऐकतो. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता तीन शब्द उच्चारून पाहावेत : पाप, बाप, माप. ओठ तिन्ही वेळा तंतोतंत सारखे हलतात. क, ग, ह हे वर्ण तर घशाकडे तयार होतात, ओठांवर त्यांची खूणही उमटत नाही. ओठ वाचणारा माणूस खरे तर निम्म्याहून अधिक अंदाज बांधत असतो, आणि अंदाज बांधण्यासाठी त्याला विषय आधी ठाऊक असावा लागतो, चेहरा उजेडात दिसावा लागतो आणि एका वेळी एकानेच बोलावे लागते. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या अध्यक्षांचा चेहरा त्याच्या दृष्टीने काळी आकृती असते. मोठ्याने ओरडल्याने उपयोग होत नाही. ओठांचा आकार बिघडतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. श्रवणयंत्र लावले आहे म्हणजे सगळे ऐकू येते हाही गैरसमज आहे, कारण ते पंखा, खुर्च्या आणि कुजबुज यांनाही वाढवते. आणि प्रत्येक सभागृहात एक खणखणीत आवाजाचे वक्ते असतात, जे ध्वनिक्षेपक बाजूला सारून ‘मला याची गरज नाही’ म्हणतात. गरज त्यांना नसतेच, ती शेवटच्या रांगेत असते.

‘मग लिहून देतो’ हा पुढचा उपाय. तो पुष्कळदा चालतो, पण नेहमी नाही, आणि याचे कारण ऐकू येणाऱ्यांना सहसा सुचत नाही. लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या व्यक्तीसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेचे, म्हणजे इथल्या खुणांच्या भाषेचे, व्याकरण मराठीचे नाही. तिथे भुवया वर गेल्या की विधानाचा प्रश्न होतो आणि समोरच्या हवेतील जागा सर्वनामांचे काम करते. एखाद्या कर्णबधिर व्यक्तीच्या चिठ्ठीत विभक्ती चुकली म्हणून तिची बुद्धी कमी ठरवणे म्हणजे परभाषेत अडखळणाऱ्या पंडिताला अडाणी ठरवण्यासारखे आहे. खुणांच्या भाषांना भाषा म्हणून मान मिळायलाच फार उशीर झाला. १८८० मध्ये मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने तोंडी पद्धतच श्रेष्ठ असा ठराव केला आणि पुढे जगभरच्या असंख्य शाळांत मुलांच्या खुणांवर बंदी आली. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवल्यावर भाषाशास्त्राने त्या भाषांची गंभीर दखल घ्यायला सुरुवात केली, आणि मिलानच्या ठरावांविषयी त्याच परिषदेच्या व्यासपीठावरून खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. भारतात सांकेतिक भाषेच्या संशोधनाची आणि प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था २०१५ मध्ये उभी राहिली. तिच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम चालवले, तेव्हा पुष्कळांना ही गोष्ट शक्य आहे हे प्रथमच कळले.

दुभाषा आल्यावर काय चुकते तेही सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका बैठकीत मी दुभाष्याकडे पाहून म्हणालो, ‘त्यांना विचारा, त्यांची काही हरकत आहे का.’ दुभाष्याने ते वाक्य जसेच्या तसे खुणांत सांगितले आणि समोरच्या बाईंचे उत्तर मराठीत आले : ‘मी इथेच बसले आहे, मलाच विचारा.’ तेव्हापासून मी व्यक्तीकडे पाहतो, व्यक्तीशी बोलतो आणि दुभाष्याला माझ्या मागे राहायला दोन-तीन सेकंद देतो. दुभाषा वक्त्याच्या शेजारी, उजेडात आणि सभासदाच्या नजरेच्या रेषेत असावा. दीर्घ सभेला दोघे लागतात, कारण वीसेक मिनिटांनंतर एकाच माणसाच्या भाषांतरात थकव्याने गळती सुरू होते.

दृष्टिहीन विद्यार्थिनींसाठी तुमच्या वाचनालयात एक गोष्ट ताबडतोब तपासावी : सूचना ज्या संगणकीय स्वरूपात पाठवल्या जातात ते स्वरूप. माझ्या एका दृष्टिहीन सहकारी बाईंना एका कार्यालयाकडून सर्वसमावेशक शिक्षणाविषयीचे परिपत्रक आले. त्यांनी भ्रमणध्वनीवरील स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, सुरू केली. पहिल्या पानावर ती म्हणाली, ‘चित्र.’ दुसऱ्या पानावरही, ‘चित्र.’ कोणीतरी छापील कागदाचा फोटो काढून पाठवला होता. सोबतची पुरवणी टंकलिखित होती, पण ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती. असे फॉन्ट पडद्यावर मराठी दिसतात आणि आत मात्र रोमन अक्षरे व चिन्हे साठवतात. यंत्र ती चिन्हेच वाचते. त्या बाईंनी मला ते ऐकवले : स्वल्पविराम, एफ, कंस, के, उद्गारचिन्ह. अर्धे मिनिट ऐकून आम्ही दोघेही हसलो, मग त्या म्हणाल्या की त्यांना असे आठवड्यातून दोनदा तरी ऐकावे लागते. युनिकोडमध्ये टंकलेखन करून मजकूर मजकूर म्हणूनच पाठवणे, याला एक रुपयाही जास्तीचा लागत नाही. ब्रेल मात्र यामुळे कालबाह्य झाले असे समजू नये. लुई ब्रेल यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, सहा ठिपक्यांची ही लिपी तयार केली. शुद्धलेखन, गणित आणि भाषणाचे मुद्दे बोटांखाली असणे यांसाठी तिला अजून तोड नाही. सभेत बोलताना ‘या तक्त्यावरून लक्षात येईलच’ असे न म्हणता तक्त्यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगावे, ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ऐवजी ‘तुमच्या उजव्या हाताला’ म्हणावे, बोलण्याआधी स्वतःचे नाव घ्यावे, आणि जवळून उठून जाताना तसे सांगावे, नाहीतर ती व्यक्ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. ‘बघा’, ‘पाहू’ हे शब्द मात्र बिनदिक्कत वापरावेत. दृष्टिहीन माणसेही ते वापरतात.

बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाच्या बाबतीत मराठीचे एक वैशिष्ट्य आड येते. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत, आणि तीस वर्षांच्या अपंग माणसाला लोक पहिल्याच भेटीत सर्रास ‘तू’ म्हणतात, क्वचित ‘बाळा’ही म्हणतात. त्याच्या बरोबरीच्या इतर सभासदांना मात्र ‘तुम्ही’ असते. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या देखत त्याच्या आईला विचारणे, ‘याला काय समजते?’ यात सर्वनामही एकेरी आणि प्रश्नही दुसऱ्याला. इतरांना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर त्याला ‘तुम्ही’ म्हणावे. तो स्वतः ‘तू म्हणा’ म्हणाला तर गोष्ट वेगळी. दुसरा अडथळा आपल्या सूचनांची भाषा. तुमच्याच संस्थेने मला नमुन्यादाखल पाठवलेली सूचना अशी होती : ‘सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की, मंगळवार रोजी आयोजित करण्यात आलेली सभा काही अपरिहार्य कारणास्तव तहकूब करण्यात आली असून सदर सभा शुक्रवार रोजी त्याच ठिकाणी सायंकाळी पाच वाजता घेण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी.’ तीच सूचना अशी लिहिता येते : ‘मंगळवारची सभा होणार नाही. ती शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता होईल. जागा तीच आहे.’ हे केवळ त्या तरुणासाठी लिहायचे असे नाही. ते गृहस्थ, कर्णबधिर सभासद, स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या विद्यार्थिनी आणि घाईत असलेले सर्वच लोक तुमचे आभार मानतील. सोपे लिहिणे म्हणजे पोरकट लिहिणे नव्हे. चित्रविचित्र चिन्हे आणि उद्गारवाचक उत्साह यांची तिथे गरज नसते.

ज्यांचे बोलणे अस्पष्ट आहे किंवा जे अडखळतात, त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त चुका चांगल्या मनाने होतात. अडखळणाऱ्या माणसाचे वाक्य आपण पूर्ण करतो, आणि त्याला जे म्हणायचे होते त्याहून वेगळे करतो. तो थकून मान डोलावतो आणि इतिवृत्तात आपलेच मत त्याच्या नावावर जाते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसणे, असलेल्या तरुणांचे बोलणे समजले नाही तरी समजल्याचा आव आणून आपण हसतो. त्यांना ते लगेच कळते. ‘मला शेवटचा शब्द कळला नाही, पुन्हा सांगाल का?’ असे तीनदा विचारणे अपमानकारक नसते. न विचारणे असते. चौथ्यांदाही कळले नाही तर मार्ग बदलावा : लिहून, अक्षरफलकावर बोट ठेवून, हो-नाहीचे प्रश्न विचारून. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर गेला आणि पुढची तीन दशके ते यंत्रातून बोलले. त्यांचे व्याख्यान ऐकायला बसलेला कोणीही एका वाक्यामागे किती मिनिटे गेली म्हणून चुळबुळ करीत नव्हता. तेवढाच वेळ नाव नसलेल्या माणसाला देताना मात्र आपला जीव वरखाली होतो. आणि कोणाचा अक्षरफलक किंवा यंत्र न विचारता उचलून बाजूला ठेवू नये; तो त्या माणसाचा आवाज असतो.

जबाबदारी कोणाची, हा तिसरा प्रश्न. घरच्यांवर ती टाकणे सोयीचे वाटते, कारण त्यांना सवय असते. पण घरचा माणूस दुभाषा झाला की त्या व्यक्तीची खासगी बाब उरत नाही. दवाखान्यात पुरळ कुठे आले हे आईसमोर सांगायचे, बँकेत शिल्लक किती हे भावासमोर सांगायचे, आणि छळ करणारा घरातलाच असेल तर तक्रार त्याच्याच तोंडून करायची, अशी परिस्थिती मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे. घरच्यांनी मदत करावी, पण ती त्या व्यक्तीने मागितल्यावर. शासनाची जबाबदारी कायद्याने ठरलेली आहे आणि न्यायालयांनी ती अलीकडे अधिक घट्ट केली आहे. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सुगम्यतेचे, म्हणजे जागा व सेवा अपंग व्यक्तींना वापरता याव्यात यासाठीचे, नियम केवळ शिफारसवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवण्याच्या पद्धतीमुळे आम्लहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्ती व्यवहारांतून बाहेर पडतात हे मान्य करून, डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले.

मात्र कोणताही निकाल तुमच्या अध्यक्षांना दहा सेकंद थांबायला लावू शकत नाही. तो भाग समाजाचा, म्हणजे इथे तुमच्या संस्थेचा आहे. ‘आमच्याकडे असे लोक फारसे येतच नाहीत, त्यांच्यासाठी एवढे कशाला’ हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १.३ अब्ज लोक, म्हणजे दर सहांपैकी एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. सभेत ते दिसत नसतील, तर त्यांना बोलावणे पोहोचले होते का आणि ते त्यांना वाचता आले होते का, हे पाहावे. निमंत्रणाच्या तळाशी ‘सभेत भाग घेण्यासाठी आपल्याला काही सोय लागत असल्यास कळवावे’ ही एक ओळ घालावी आणि तिथे फोन क्रमांकाबरोबर लेखी संदेशाचाही मार्ग द्यावा, कारण कर्णबधिर व्यक्तीला फोन करा म्हणणे म्हणजे दार दाखवून कुलूप लावणे होय. विषयपत्रिका तीन दिवस आधी पाठवावी. दुभाष्याचा खर्च ऐन वेळी वर्गणी काढून भागवू नये, तो वार्षिक अंदाजपत्रकात पाणी-विजेच्या ओळीशेजारी असावा. आणि या सोयी ठरवणाऱ्या समितीवर ज्यांच्यासाठी त्या आहेत त्यांपैकी निदान एक जण असावा. अपंगांच्या चळवळीची ‘आमच्याविषयी काहीही आमच्याशिवाय नको’ ही घोषणा ठाऊक असलेल्या संस्थाही उतार बांधून झाल्यावर चाकाच्या खुर्चीवरील माणसाला उद्घाटनाला बोलावतात. तेव्हा तो उतार जरा जास्तच उभा झाल्याचे कळते.

राहिला तुमचा चौथा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी हाती घ्यायचा. त्या गृहस्थांना कार्यकारिणीतून मोकळे करावे का, हे तुम्ही मला विचारले, त्यांच्या पत्नीला विचारले, असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. सभेत विचारू नका. दोघांनीच शांत खोलीत बसा, दूरदर्शन संच आणि पंखा बंद ठेवा, आणि त्यांचा चष्मा त्यांच्या नाकावर आहे ना ते पाहा. एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत तीन ओळी एकमेकींपासून अंतर ठेवून लिहा : ‘राहायचे आहे’, ‘थांबायचे आहे’, ‘अजून ठरवलेले नाही’. प्रत्येक ओळ एकदा सावकाश वाचून दाखवा आणि मग मनात दहापर्यंत मोजेस्तोवर काहीही बोलू नका. त्यांनी बोट ठेवल्यावर कागद बाजूला करा, ओळींचा क्रम बदलून दुसरा कागद लिहा आणि पुन्हा विचारा, कारण वाचाघातात बोट कधी कधी सवयीने पहिल्याच ओळीवर पडते. दोन्ही वेळा उत्तर एकच आले तर ते त्यांचे उत्तर समजावे. ते ‘राहायचे आहे’ असे निघाले, तर पुढच्या सभेची विषयपत्रिका त्यांना आदल्या आठवड्यात घरी नेऊन द्या, प्रत्येक ठरावाखाली ‘मान्य’, ‘अमान्य’, ‘मला बोलायचे आहे’ हे तीन पर्याय छापा, आणि अध्यक्षांना सांगा की त्यांचे बोट तिसऱ्या पर्यायावर गेले की घड्याळाकडे पाहायचे नाही.